डोपामिन, वय आणि सदऱ्याची बटणे

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. बुद्धिबळात पूर्वी ते हटकून जिंकत; आता एकेका चालीला फार वेळ घेतात. सदऱ्याची बटणे लावायलाही उशीर लागतो. वयामुळे मेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन घटल्याने असे होते, असे सांगून एका नातेवाइकांनी कवचबीजाचे चूर्ण सुचवले आहे. ते द्यावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नातेवाइकांचा तर्क निराधार नाही, उपाय मात्र घाईचा आहे. डोपामिनचा संदेश झेलणारे, मेंदूपेशींवरील ‘डी-२’ नावाचे ग्राही तरुणपणापासूनच दर दशकाला साधारण ५ ते १० टक्क्यांनी कमी होत जातात, असे पेट (PET) स्कॅन या मेंदूच्या चित्रतपासणीच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यामुळे विचारांचा वेग आणि एका वेळी अनेक गोष्टी मनात धरून ठेवण्याची क्षमता मंदावते, पण साठलेले ज्ञान बहुतांशी शाबूत राहते. म्हणूनच आपल्या वडिलांना डावाची सुरुवात पाठ असेल, परंतु पुढच्या चार शक्यता एकदम तोलताना त्यांना वेळ लागत असेल. एवढ्यावरून त्याला आजार म्हणता येणार नाही.

मला बटणांचा उल्लेख अधिक महत्त्वाचा वाटतो. पार्किन्सन या हालचाली मंदावणाऱ्या मेंदूविकारात मध्यमेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी वयोमानापेक्षा कितीतरी वेगाने नष्ट होतात, आणि लक्षणे जाणवेपर्यंत त्यांतील निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. सुरुवात बहुधा एकाच बाजूने होते : चालताना एक हात हलत नाही, त्याच हाताची बोटे अडखळतात, अक्षर बारीक होत जाते.

आणखी एक शक्यता घरोघरी दुर्लक्षिली जाते. चक्करेसाठी महिनोन्‌महिने चालू राहणारे सिनारिझिन किंवा उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड हेच ग्राही अडवते. वृद्धांमध्ये ते आधीच कमी असल्याने पार्किन्सनसारखीच मंदता येऊ शकते. औषध थांबवल्यावर ती बहुधा ओसरते, मात्र तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

कवचबीजात लेव्होडोपा असते, म्हणजे मेंदूत डोपामिनमध्ये बदलणारे, पार्किन्सनवर दिले जाणारे औषधच. फक्त चूर्णात त्याचे प्रमाण निश्चित नसते. मळमळ, उभे राहताच रक्तदाब उतरणे, भास होणे हे त्याचे दुष्परिणाम आहेत, शिवाय निदानापूर्वी ते सुरू केल्यास लक्षणे झाकली जाऊ शकतात. तेव्हा चूर्ण तूर्त नको. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना चालू औषधांच्या पट्ट्या आणि वडिलांच्या हस्ताक्षरातील एखादे जुने पत्र सोबत न्यावे. आजच्या अक्षराशी त्याची तुलना करता येईल.