पुस्तक वाचलेलं असेल तर त्यावरचा सिनेमा बघावा का? आणि आठवीतल्या मुलाला सेन्सॉरचं यूए सर्टिफिकेट असलेल्या सिनेमाला न्यावं का?

बघा की. पुस्तक वाचलंय म्हणून सिनेमा बघायचा नाही हे मला कधीच पटलं नाही, आमच्या घरात यावरून केवढं वाजलंय ते सांगते.

२०१२ च्या जानेवारीत ‘शाळा’ लागला. मिलिंद बोकिलांची कादंबरी दादाची भयंकर लाडकी, त्यामुळे तो आधीच फुरंगटून बसलेला. भाचा तेव्हा आठवीत. मी म्हटलं याला घेऊन जाते, तर वहिनी म्हणाली, ताई, नववीतली पोरं लाईन मारतात ते याला कशाला दाखवताय, डोक्यात भलतंसलतं भरेल. मी नेलंच. येताना रिक्षात पोराने काय विचारलं असेल, तर आणीबाणी म्हणजे काय, आणि सिनेमातल्या जोशीला त्याला आवडणारी शिरोडकर पुढे कधी भेटली असेल का. घर येईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने कादंबरी स्वतःहून काढून वाचली, दादाच्याच कपाटातली, त्याआधी दादाने शंभरदा सांगून हात लावला नव्हता.

तरी दादाचं एकच, पुस्तकाची वाट लावली. म्हणे जोशीच्या डोक्यात जे चालतं तेच तर पुस्तक आहे आणि तेच गाळलं. अरे पण सबंध कादंबरी त्या मुलाच्या तोंडून आहे, पडद्यावर तो सगळा वेळ बोलत राहिला तर बघायचं काय, तिथे चेहऱ्यावरूनच कळायला हवं आणि मला ते कळलं. आणि याच दादाचा सगळ्यात आवडता सिनेमा कुठला, तर जब्बार पटेलांचा १९७९ चा ‘सिंहासन’! अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली, म्हणजे किती गाळलं असेल विचार करा. तिथे मात्र हा कधी तक्रार करत नाही. सिनेमा चांगला झालाय का एवढंच बघावं, पुस्तक कुठे पळून जात नाही, ते कपाटात असतंच.

आता सर्टिफिकेट. ‘शाळा’ला नको म्हणणारी वहिनी त्यानंतर लगेच त्याच पोराला एका हिंदी सिनेमाला घेऊन गेली, ज्यात हिरो ती हो म्हणेपर्यंत हिरॉइनचा पाठलाग करतो. का, तर सेन्सॉरने पास केलाय ना. असं चालत नाही हो. बोर्ड मारामारी, शिव्या, उघडेपणा, नशा असलं मोजून शिक्का मारतं, पोराने त्यातून काय उचललं ते बघायला बोर्ड तुमच्या घरी येत नाही. यूए म्हणजे मुळात आईबापांनी ठरवा, पूर्वी तो सल्ला बारा वर्षांखालच्या मुलांबद्दल होता, आता २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ७+, १३+, १६+ असे तीन भाग केलेत, पण तोही सल्लाच आहे. थिएटरवाल्याला दारात अडवावंच लागतं ते फक्त ए ला, म्हणजे निव्वळ मोठ्यांसाठीच्या सिनेमाला. त्यामुळे तुमच्या आठवीतल्या मुलाला यूए १३+ ला न्यायला हरकत काहीच नाही, फक्त त्याला एकट्याला पाठवू नका, शेजारी बसा आणि नंतर तो जे विचारेल त्याला सरळ उत्तर द्या.

हां, दोन गोष्टी राहिल्या. टीव्हीवर बघितलेला सिनेमा म्हणजे थिएटरमधलाच असं धरू नका, ए वाले सिनेमे कापून, नवं सर्टिफिकेट घेऊन टीव्हीवर येतात. आणि ओटीटीवर सेन्सॉर बोर्ड नसतंच, २०२१ च्या नियमांप्रमाणे तो वयाचा आकडा प्लॅटफॉर्मच लावतो. पोर घाबरट असेल तर आकडा काहीही असो, आधी स्वतः बघून या. वहिनीला मी हे तेव्हाच म्हटलं होतं की बाई गं, निदान ट्रेलर तरी बघून तिकीट काढ.