आचारसंहिता ‘लागली’ की ‘लागू झाली’?

प्रश्न असा आलाय की निवडणुका जाहीर झाल्या की सगळे ‘आचारसंहिता लागली’ म्हणतात, ते चूक आहे का, ‘लागू झाली’ म्हणायला हवं ना? आणि तिच्या आधी ‘आदर्श’ कशाला?

चूक अजिबात नाही. उलट मला तर ‘लागली’च जास्त मराठी वाटतं. ग्रहण लागतं, सुतक लागतं, वेध लागतात, जमावबंदी लागते, म्हणजे ठरावीक काळापुरतं काहीतरी आपल्यावर येऊन बसतं, मग अमुक करायचं नाही तमुक करायचं नाही, आणि मुदत सरली की सगळं पूर्ववत. आचारसंहितेचं अगदी तसंच आहे की! निवडणूक आयोगाने पत्रकार परिषदेत तारखा सांगितल्या की त्या क्षणापासून ती चालू, मग मंत्र्यांना नवीन योजना जाहीर करता येत नाही, भूमिपूजनाचा नारळ फोडता येत नाही, आधी लावलेल्या कोनशिलेवर कागद डकवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारतात (आणि एका पावसात तो कागद लोंबायला लागून साहेबांचं अर्धं नाव दिसायला लागतं, ते वेगळं).

खरी गंमत पुढे आहे. संहिता म्हणजे नियमांचा संच, पण बोलताना आपण तो शब्द काळासाठी वापरतो. ‘काम आचारसंहितेत अडकलं’, ‘आचारसंहितेच्या आधी टेंडर काढा’, ही वाक्यं चातुर्मासाबद्दल बोलल्यासारखी आहेत, नियमांबद्दल नाहीत. मला एकदा एका कार्यालयात उत्पन्नाचा दाखला मागितल्यावर ‘आचारसंहिता आहे, नंतर या’ असं ऐकवलं होतं, आता दाखल्याचा आणि प्रचाराचा काय संबंध, पण शब्दाचा अर्थ किती पसरलाय ते त्या दिवशी कळलं.

‘संहिता’मध्ये सम् + हित आहे, पण हे हित म्हणजे भलं नाही, ‘धा’ धातूपासून आलेलं ‘ठेवलेलं’ असा त्याचा अर्थ, म्हणजे संहिता = एकत्र ठेवलेलं, जुळवलेलं. संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी तर वर्ण एकमेकांना अगदी चिकटून येण्याला संहिता म्हणतो. वेदांच्या संहिता, नाटकाची संहिता, दंड संहिता, सगळी एकाच घरातली. यातली दंड संहिता म्हणजे कायदा, आचारसंहिता मात्र स्वतः कायदा नाही. 1960 मध्ये केरळच्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी तिची सुरुवात झाली, पुढे आयोगाने ती देशभर नेली, 1979 मध्ये सत्ताधारी पक्षासाठी वेगळा भाग जोडला आणि टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून आल्यावर तिचा बडगा सगळ्यांना दिसला. मतदान संपायच्या आधीचे 48 तास प्रचारबंदी असते ती मात्र कायद्यातली, लोक दोन्ही एकच समजतात.

‘आदर्श’ हे ‘मॉडेल कोड ऑफ कंडक्ट’मधल्या ‘मॉडेल’चं भाषांतर. आपल्याकडे आदर्श म्हटलं की आदर्श शिक्षक, आदर्श गाव आठवतं, म्हणून ती फार सोज्वळ वाटते. पण इथला अर्थ ‘सगळ्यांनी वापरायचा नमुना’ असा घ्यावा असं माझं मत, हाउसिंग सोसायटीचे ‘आदर्श उपविधी’ (मॉडेल बायलॉज) असतात ना तसा. मग ‘नमुना आचारसंहिता’च का नाही म्हटलं? म्हटलं असतं तर हरकत नव्हती, फक्त ‘काय नमुना आहे’ हा अर्थ प्रचारातल्या काही मंडळींना इतका चपखल बसला असता की विचारू नका.

लिहिताना मराठीत हा समास जोडूनच लिहा, ‘आचार संहिता’ असं तोडू नका. आणि ‘आचारसंहिताचा भंग’ नाही, ‘आचारसंहितेचा भंग’. अर्जात, पत्रात ‘लागू झाली’ लिहा, बोलताना खुशाल ‘लागली’ म्हणा. संपल्यावर ‘उठली’ म्हणतात तेही बरोबरच, बंदी उठते तशी. ग्रहण सुटतं तशी आचारसंहिता ‘सुटली’ असं मात्र मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.