नवी कोब्रा रेप्लिका (जुन्या कोब्रा स्पोर्ट्स कारची जुळवलेली नक्कल) ट्रॅफिकमध्ये तापते, इंडिकेटर लावला की तापमानाचा काटाही नाचतो. इंजिन खोलावं का?

नको, आधी अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, बघा. फायबरग्लासच्या बॉडीतून करंट परत जात नाही. प्रत्येक दिव्याला, मीटरला स्वतंत्र अर्थ वायर लागते आणि घरगुती जुळणीत नेमकी तिथेच काटकसर होते. इंडिकेटरबरोबर काटा हलतो म्हणजे दोघांचा अर्थ एकच आणि तोही सैल. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डॅशबोर्डच्या अर्थला लावा. दिवे आणि फॅन चालू ठेवा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर बोल्ट सोडा, रंग खरवडा, चेसिस आणि इंजिनपासून बॅटरीपर्यंत जाड केबल टाका. तोवर त्या काट्यावर विश्वास ठेवू नका.

खरं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या (कूलंटचा प्रवाह उघडणाऱ्या झडपेच्या) बाहेरच्या आवरणावर मोजा. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर गर्दीत ९५ पर्यंत घाबरण्यासारखं काही नाही. त्यापुढे जात असेल तर फॅन उलटा फिरतो का पाहा: रेडिएटरच्या मागचा फॅन हवा इंजिनकडे ओढायला हवा, वायरी उलट जोडल्या की तो समोरून येणाऱ्या हवेशीच भांडतो. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद करा. कूलंटमध्ये हवा अडकली असेल तर थंड इंजिनावर, गाडीचं नाक वर करून, सर्वांत उंच तोंडातून कूलंट भरा.

इंजिन फोर्ड ३०२ (व्ही८) असेल आणि फटफटत असेल तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तपासा. जुन्याची १-५-४-२-६-३-७-८, पण ५.० एचओ (हाय आउटपुट) कॅमची १-३-७-२-६-५-४-८.