पानं करपली म्हणून बागेत चुना टाकू नका

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न: "ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस येणार म्हणून आदल्या दिवशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे ताम्रयुक्त बुरशीनाशक मारलं. दुकानदाराने दिलेलं पीएच कमी करणारं औषधही त्यातच होतं. पाऊस झाला आणि दोन दिवसांत कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. दुकानदार म्हणतो, हा आम्लाचा पाऊस, एकरी चार गोण्या चुना टाका. टाकू का?"

टाकू नका. एक गोणीही नको.

पाऊस मुळातच थोडा आंबट असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं, म्हणून स्वच्छ पावसाचाही सामू (म्हणजे पीएच; जितका कमी तितकं पाणी आंबट) ५.६ च्या आसपास असतो. कोळसा आणि डिझेल जळून निघणारे सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजनचे ऑक्साइड ढगातल्या पाण्यात मिसळले की गंधकाम्ल आणि नायट्रिक आम्ल बनतं, सामू आणखी उतरतो. द्राक्षांची पेटी भरणाऱ्यांना हे ठाऊक आहे: मणी ओले राहिले तर द्राक्षं टिकावीत म्हणून पेटीत ठेवलेल्या पॅडमधला सल्फर डायऑक्साइड त्या ओलाव्यात विरघळतो आणि मणी पांढरे पडतात. पण पावसाने पान भाजायला सामू साधारण ३ पर्यंत खाली यावा लागतो. ५.६ वरून ३ म्हणजे आम्लता सुमारे चारशे पट. तुमच्या बागेत तसं काही झालेलं नाही.

आम्ल तुमच्या टाकीतच होतं. पाणी आंबट केलं की ताम्रयुक्त औषधातलं तांबं जास्त विरघळतं आणि कोवळं पान भाजतं. ओली हवा असेल, पान वाळत नसेल, तर आणखी. हे मी दरवर्षी बघतो. पीएच कमी करणारं औषध ताम्रयुक्त औषधात मिसळू नका, दुकानदाराने फुकट दिलं तरी मिसळू नका. फवारणीच्या पाण्याचा सामू ६.५ च्या खाली नको. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) करत असाल तर घासलेला विळा मिश्रणात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तिथे चुना घाला, जमिनीत नको.

आपली काळी जमीन आधीच चुनखडीची, सामू बहुधा ८ च्या घरात. वर चुना टाकला की लोह आणि जस्त वेलीला मिळत नाही, शेंडे पिवळे पडतात आणि दुकानदाराकडून पुन्हा चिलेटेड लोह (वेलीला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) घ्यावं लागतं. इगतपुरी, पेठकडच्या जास्त पावसाच्या तांबड्या जमिनींची गोष्ट वेगळी, पण तिथेही माती तपासूनच. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी नमुना गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्या.

दुकानातून आणायचीच तर पीएच पट्टी आणा. प्रत्येक टाकीला बुडवा, औषध घातल्यावरही बुडवा. मी भेटेन त्या प्रत्येकाला हेच सांगतो.

पानावर तेलकट पिवळे डाग आणि सकाळी खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली तर तो डाऊनी, म्हणजे केवडा रोग. पान घेऊन लगेच दाखवायला या. नुसत्या कडा करपल्या असतील तर आठवडाभर नवी फूट बघा. ती स्वच्छ निघाली तर करपलेल्या पानांसाठी काहीही मारू नका.