डॉक्टरांच्या गावातल्या तऱ्हेवाईक माणसाच्या गोष्टींवर हसणं म्हणजे गरिबाची टर उडवणं का?

तुम्ही लिहिलंय की खेड्यातल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या, गावातल्या एखाद्या तऱ्हेवाईक माणसाच्या गोष्टी वाचताना तुम्हाला हसू आवरत नाही, पण तुमच्या घरातलंच कुणीतरी म्हणतं की हे अडाणी माणसाला हसणं झालं. तेव्हा या गोष्टींची मजा घ्यावी की नाही, आणि घ्यायची तर सुरुवात कुठून करावी? प्रश्न वाचला आणि हातातलं काम तसंच ठेवून लिहायला बसले. कारण हेच वाक्य माझा धाकटा भाऊ मला गेली कित्येक वर्षं ऐकवतोय.

मजा घ्यावी. पोटभर घ्यावी.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, माणदेशात, आटपाडीच्या बाजूला एका लहान गावात डॉक्टर होते. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, ओट्यावर पेशंट. मिक्श्चरच्या बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवायची असे, त्या पट्ट्या मी कातरायचे. कागदाची घडी घालायची, कोपरे कातरायचे, उलगडली की एकेका डोसाची खाच तयार. त्या खाचांवरून ज्यांनी दादांशी सर्वांत जास्त हुज्जत घातली ते आबा. नाव लिहीत नाही, गावात सगळे नुसतं आबाच म्हणायचे. खोकल्याचं औषध न्यायचे आणि दोन दिवसांत रिकामी बाटली घेऊन परत. एकदा दादांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की एक खाच स्वतःला आणि दोन म्हशीला. "आमचा दोघांचा खोकला एकाच दिशी सुरू झाला, म्हंजी रोग येकच. आन तिचं आंग माझ्या दुप्पट."

आता खरी गोष्ट. १९७२च्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांची. शाळू हुरड्यात होता, थंडी मरणाची. रात्री एकच्या सुमाराला दाराची कडी वाजली. कंदील घेऊन आबा उभे.

"कोण आजारी आहे?"

"घरातलंच हाय. सांजच्यापासनं धाप लागलीया. मधीच बंद पडतंय."

"वय किती?"

"ह्या पाडव्याला आठ सरतील."

आठ वर्षांचं पोर म्हटल्यावर दादांची झोप उडाली. "अंग तापलंय?"

"हात ठेववत न्हाई."

"पोटात काही ठरतंय का?"

"पाजलेलं खालनं गळतंय. काळंकाळं."

काळं म्हणजे आतून रक्त जात असणार, असं धरून दादांनी बॅग, इंजेक्शनचा डबा, सलाईनची बाटली, हाताला लागेल ते उचललं. आईला म्हणाले, वाट बघू नकोस. पुढे आबा कंदील घेऊन, मागे दादा जवळजवळ पळत. वाट गावाकडे न वळता मळ्याकडे वळली, तेव्हा त्यांना वाटलं की हे लोक वस्तीवर राहायला गेले असतील.

विहिरीच्या कडेला छपरात पाणी उपसायचं डिझेल इंजिन होतं. पोतं पांघरलेलं, पुढे उदबत्ती लावलेली. धक् धक् करत चालायचं, मध्येच गुदमरल्यासारखं व्हायचं, पुन्हा उसनं बळ आणून चालायचं.

दादा म्हणाले, "आबा, हे इंजिन आहे."

"मग मी कुटं म्हनलं मानूस हाय?"

आमच्या घरात या वाक्यावर किती वेळा हसलोय ते मोजता येणार नाही. दादा ही गोष्ट सांगायचे तेव्हा इथे थांबायचे, पाणी प्यायचे आणि मग पुढचं सांगायचे. आणि पुढचं महत्त्वाचं आहे. विहीर भावकीत वाटलेली, पाण्याची पाळी ठरलेली. त्या रात्रीची पाळी आबांची. दिवस उगवला की ती चुलत भावाकडे जायची, मग आठ दिवस पाणी नाही. दाणा भरायच्या वेळी आठ दिवस पाणी नाही म्हणजे वर्षाची भाकरी गेली. मिस्त्री आटपाडीला. अर्ध्या रात्री हाक मारली तर उठून येणारा माणूस गावात एकच होता.

हे ऐकल्यावर दादांनी काय केलं? गळ्यातली नळी कानाला लावली आणि चकती इंजिनावर ठेवली. इथे, तिथे, मग डिझेलच्या टाकीवर. इंजिनातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण सलाईन कळत होतं. तेव्हा सलाईन काचेच्या बाटलीत यायचं आणि बाटलीत हवा जायला वेगळी सुई टोचावी लागायची. ती बंद झाली की वर बाटली भरलेली असली तरी खाली थेंब पडत नाही. आबांनी संध्याकाळीच टाकीचं झाकण फडकं कोंबून, वरून प्लास्टिकचा कागद सुतळीने आवळून बांधलं होतं, दव पडून डिझेलात पाणी जाऊ नये म्हणून. झाकणाचं हवेचं भोक पार बुजलं होतं. दादांनी सुतळी कापली, झाकण सैल केलं, आत हवा शिरल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळात इंजिन एका लयीत धडधडायला लागलं. आबा म्हणाले, "फी मानसाची घेनार का इंजिनाची?" दिवस उगवेपर्यंत दोघं थारोळ्यापाशी बसून होते.

ही गोष्ट मी दादांच्या वर्षश्राद्धाला सगळ्या नातेवाइकांत सांगितली. लोक डोळे पुसत हसत होते. भाऊ उठला, म्हणाला, "त्या म्हाताऱ्याची अजून किती वर्षं चेष्टा करणार तुम्ही? सुशिक्षित माणसांची करमणूक!" आणि जेवायला न थांबता गेला. मला ते फार लागलं. दादांनी आबांची चेष्टा केली असं म्हणणं म्हणजे दादा कोण होते हेच न कळणं. पण त्याला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं.

उत्तर काही वर्षांनी मिळालं. एका लग्नाला गावी गेले होते, तिथे आबांची सून भेटली. मी कोणाची मुलगी ते कळल्यावर तिने माझा हात धरून चार बायकांत बसवलं आणि म्हणाली, "ह्यांच्या वडलांची गंमत सांगते." तीच रात्र, तेच इंजिन. पण तिच्या घरातल्या गोष्टीत आबा आमच्याकडे गेले होते ते नुसती बॅटरी मागायला, कारण कंदिलाच्या उजेडात टाकीचा जोड दिसत नव्हता. आबा इंजिनाचं सांगतायत, तर डॉक्टर पुरतं ऐकूनही न घेता वय विचारतोय, ताप विचारतोय! "मामंजी म्हनायचे, मी बॅटरी मागाया गेलो तर ह्यो गडी बॅग घिऊन माझ्याच पुढं पळाया लागला. आन हिरीवर जाऊन इंजिनाला नळी लावून बसला. मला वाटलं आता त्याला जीभ दाखव म्हनतोय." सगळ्या बायका हसून लोळत होत्या. मीही.

आमच्या घरातला तऱ्हेवाईक आबा. त्यांच्या घरातला तऱ्हेवाईक आमचा बाप. दोन्ही घरांनी ती गोष्ट चाळीसेक वर्षं जपली, आणि दोन्ही घरांत ती सांगताना माणसाबद्दल माया होती. माझ्या भावाला हे दिसत नाही, कारण त्याच्या हिशेबात खेड्यातल्या माणसाला हसायचंच नाही, तो माणूसही कुणाला हसू शकतो हे तर माझ्या भावाच्या गावीही नाही. त्याला आबांची फक्त दया येते. दयेपोटी त्याने त्यांची अक्कल काढून घेतली, त्यांचा फटकळपणा काढून घेतला.

वाचायचं कुठून ते तुम्ही विचारलंय. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडी नावाच्या गावातल्या गोष्टींपासून सुरू करा. तिथे एकटा विक्षिप्त कुणी नाही, नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर, सगळा पारच्या पार तसा. मग व्यंकटेश माडगूळकरांची १९४९ची 'माणदेशी माणसं', ती आमच्याच मुलखाची. त्यात हसू कमी आहे, पण माणसाकडे पाहायचं कसं ते कळतं. आणि पु. लं.चा अंतू बर्वा तुम्ही वाचला असेलच. पुन्हा वाचताना एवढंच बघा की तिथे टोले कोण मारतंय. म्हातारा मारतोय, लेखक खातोय. मिरासदार, माडगूळकर आणि शंकर पाटील गावोगाव कथाकथन करायचे, ते ऐकायला खेड्यातलेच लोक गर्दी करायचे आणि तेच सर्वांत मोठ्याने हसायचे. माझ्या भावाने कधीतरी याचा विचार करावा. या गोष्टी मोठ्याने वाचा, एका बैठकीला एकच. ओळीने दहा वाचल्या की माणसं जाऊन नमुने उरतात.

आता राहिलेलं. सगळ्याच गोष्टी हसण्याजोग्या नसतात. आमच्या गावात एक बाई रात्री वेशीत उभी राहून एकटीच बोलायची. पोरं दगड मारायची. तिच्याबद्दल दादांनी घरात कधी चकार शब्द काढला नाही, आम्ही विचारलं तर म्हणायचे, ती आजारी आहे. आजार आणि तऱ्हा यांत फरक न करणारा लेखक दिसला तर पुस्तक मिटा, तिथे तुमच्या घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे. बायकांची दुखणी, कुणाची गुप्त दुखणी, घरातली मारहाण, यातलंही दादांनी काही सांगितलं नाही. आजच्या डॉक्टरने पेशंटचं नाव-गाव लिहून असे किस्से टाकले तर मला ते आवडणार नाही. आणि आबांची गोष्टसुद्धा दादांनी आबांसमोर, आमच्याच ओट्यावर अनेकदा सांगितली होती, म्हणून मी ती सांगते.

तुमच्या घरी जे कुणी नाराज आहे त्यांच्या हातात पुस्तक देऊ नका. समोर बसवून भोकरवाडीची एक गोष्ट वाचून दाखवा. माझा भाऊ या दिवाळीत यायचाय. त्याला या वेळी मी सुनेच्या तोंडची गोष्ट सांगणार आहे, बॅटरीपासून सुरुवात करून. तो या वेळीही उठून जातो का, ते मला बघायचंय.