स्थलांतरित केलेल्या वसाहतकालीन घराची नोंद कशी करावी?

दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: मूळ जागी घर कसं होतं, आणि हलवताना त्यात काय बदललं. दुसरी नोंद राहूनच जाते. हाँगकाँगचं मरे हाउस बघा. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या निवासासाठी १८४०च्या दशकात बांधलेली ही इमारत १९८२ मध्ये दगड दगड सुटी केली, तीन हजारांहून जास्त तुकड्यांवर खुणा घातल्या. तरीही हाँगकाँगमधल्याच स्टॅन्ली भागात पुन्हा उभी करताना सहा खांब उरलेच, कुठले ते कळेना! धुराडी तर दुसऱ्याच जुन्या इस्पितळाची बसवली. म्हणून प्रत्येक भिंतीचा फोटो मोजपट्टी ठेवून काढा आणि मूळचं काय, नंतरचं काय, ते नकाशात वेगळ्या रंगांनी दाखवा. घराचं तोंड पूर्वी कुठल्या दिशेला होतं तेही लिहा. त्यावाचून व्हरांडा तिथेच का, ते समजत नाही.