‘इंडेम्निटी’ म्हणजे विमा की नुकसानभरपाई?

धाराशिवच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ब्रिटनमधल्या संग्रहालयांविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘गव्हर्नमेंट इंडेम्निटी’साठी त्यांनी ‘सरकारी विमा’ लिहिलं. मित्राने ते खोडून ‘नुकसानभरपाई’ केलं. बरोबर कोण?

दोघंही नाहीत. पीकविमा वेगळा आणि अतिवृष्टीची नुकसानभरपाई वेगळी, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विमा म्हटला की हप्ता आला. नुकसानभरपाई पंचनाम्यानंतरची, आणि तीही पदरात पडेल तेव्हा खरी.

मूळ व्यवहार असा आहे. संग्रहालयाने प्रदर्शनासाठी कुणाची वस्तू उसनी आणली आणि ती हरवली किंवा तिला इजा झाली, तर मालकाचं नुकसान सरकार भरून देईल, असं आधीच लिहून दिलं जातं. ब्रिटनमध्ये ही तरतूद १९८० च्या नॅशनल हेरिटेज ॲक्टच्या १६व्या कलमात आहे. अमेरिकेचा असा कायदा १९७५ चा. विमा कंपनीकडे जायचं तर मोठ्या चित्रांच्या हप्त्यातच प्रदर्शनाचं दिवाळं वाजेल. इथे तो हप्ताच नाही, म्हणून ‘विमा’ बाद. आणि शब्द नुकसान होण्याआधीच दिलेला आहे, म्हणून नुसती ‘नुकसानभरपाई’ही बाद.

समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती अशा प्रदर्शनासाठी लंडनला निघाली. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य दाखवलं जातं, तेव्हा कुणी मागितली तर नवल नाही. वाटेत पेटी आपटून टवका उडाला, तर भरपाई मिळेल. पण हस्तिदंत मोठा नाजूक. हवा दमट झाली की फुगतो, कोरडी झाली की आक्रसतो आणि तडकतो. मूळचीच चीर नुसती वाढली, तर ब्रिटनच्या योजनेत त्याची भरपाई नाही. युद्धात झालेलं नुकसान आणि खुद्द मालकाची हयगय, हेही वगळलेलं आहे. त्या चिरेच्या प्रकाराला तिकडे ‘इन्हेरंट व्हाइस’ म्हणतात. त्याला ‘अंगचा दोष’ म्हणा. ‘अंतर्निहित दुर्गुण’ लिहिलंत तर वाचकाला मूर्ती दारू पीत होती की काय असं वाटायचं.

मग नुसती ‘हमी’ चालेल? वकील अडवतील. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात इंडेम्निटी १२४व्या कलमात आहे आणि गॅरंटी १२६व्या. गॅरंटीत तिघं लागतात: धनको, ऋणको आणि जामीनदार. ऋणकोने हात वर केले की धनको जामीनदाराचं दार ठोठावतो. इथे सरकार कुणाला जामीन राहिलेलं नाही. त्याने थेट मालकालाच शब्द दिलेला आहे. ‘क्षतिपूर्ती’ कचेरीत रुळलेला शब्द आहे, चूक म्हणणार नाही. पण त्यातही भरून देणं तेवढं कळतं, आधी दिलेला शब्द कळत नाही.

माझं मत ‘भरपाई हमी’ला. घडण ‘रोजगार हमी’ची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या पिढीपासून हा शब्द मराठवाड्याच्या तोंडात आहे आणि १९७७ पासून कायद्यातही. काय देणार आणि ते आधीच कबूल केलंय, दोन्ही त्यात येतं. ‘सरकारी हमी’ एवढंच मात्र ठेवू नका, लोक हमीभावाचं विचारत बसतील.

तुमचं वाक्य असं करा: ‘उसन्या आणलेल्या कलावस्तूंसाठी संग्रहालयाने विमा उतरवलेला नाही, त्यांना सरकारची भरपाई हमी आहे.’